चार जातीच्या बायनरी, डिसअसेंब्लर कोणता?

कोरडंप (प्रश्न)

तपासायला चार फाइली आल्या आहेत आणि चारही वेगळ्या जातीच्या. सोर्स एकाचाही नाही, म्हणून मशीन कोड असेंब्लीत उलगडणारं टूल, म्हणजे डिसअसेंब्लर, हवं आहे. तपासणीची लेखी परवानगी आहे, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवू.

पहिली विंडोजची ३२ बिट ईएक्सई. घिड्रात (फुकट डिसअसेंब्लर) उघडली तर एन्ट्री पॉइंटवर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होतो तिथे, एक जंप दिसतो आणि पुढे नुसता डेटा.

दुसरी लिनक्सची ६४ बिट ईएलएफ (लिनक्सचा प्रोग्रॅम-फाइल प्रकार), एक्स८६, स्ट्रिप केलेली, म्हणजे आतली नावं काढून टाकलेली. ऑब्जडंपमध्ये (कमांड लाइनचा साधा डिसअसेंब्लर) एक फंक्शन ११४९ वर दिसतं, तेच घिड्रात ००१०११४९ वर (पत्ते आणि बाइट सगळे हेक्समध्ये). खरा अ‍ॅड्रेस कोणता?

तिसरी मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमधली ४८ केबीची बिन फाइल. चिप एसटीएम३२एफ१ मालिकेतली, म्हणजे कॉर्टेक्स-एम३. ऑब्जडंप म्हणतो फॉरमॅट ओळखता येत नाही. पहिले आठ बाइट असे: ५८ १ए ०० २० ४५ ४१ ०० ०८.

चौथा ३२ बिट एक्स८६ कोडचा छोटा तुकडा: ईबी ०१ ई८ ३१ सी० ४० सी३. यावर ऑब्जडंप आणि घिड्रा यांचं एकमत होत नाही.

सगळ्यांना पुरेल असं एकच टूल निवडायचं तर कोणतं? आयडीए विकत घ्यावं, घिड्रावर भागवावं, की रडारे शिकावं?

---

उलटा_एन्डियन

टूल नंतर ठरवा, आधी फाइलची जात ओळखा. ‘फाइल’ कमांड चालवा आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास न ठेवता पहिले ६४ बाइट हेक्समध्ये स्वतः बघा. ७एफ ४५ ४सी ४६ म्हणजे ईएलएफ. त्यात ऑफसेट १८ (दशमान) वरचे दोन बाइट आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची जात, सांगतात: हेक्स ३ई म्हणजे एक्स८६-६४, २८ म्हणजे ३२ बिट एआरएम, बी७ म्हणजे एआरएम६४, एफ३ म्हणजे रिस्क-व्ही. सुरुवातीला ‘एमझेड’ दिसलं तर हेक्स ३सी या ऑफसेटवर पीई (विंडोजचा प्रोग्रॅम-फाइल प्रकार) हेडरचा पत्ता असतो. तिथे ‘पीई’ आणि दोन शून्यं, त्यानंतरचे दोन बाइट म्हणजे मशीन. सीएफ एफए ईडी एफई असेल तर ६४ बिट माक-ओ, म्हणजे मॅकची फाइल.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. सीए एफई बीए बीई ही सही जावाच्या क्लास फाइलचीही आहे आणि अनेक आर्किटेक्चर एकत्र बांधलेल्या माक-ओचीही. फरक पुढच्या चार बाइटांत सापडतो. माक-ओत तिथे आत किती आर्किटेक्चर आहेत तो आकडा असतो, साधारण २ किंवा ३. क्लास फाइलमध्ये तिथे आवृत्ती असते आणि ती ४५ च्या खाली जात नाही. जावा ८ असेल तर ५२.

आता पहिली ईएक्सई. तिची इम्पोर्ट यादी उघडा. एकच डीएलएल असेल, एमएसकोरईई नावाची, आणि तिच्यातलं एकच फंक्शन, तर ती डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा रनटाइम) आहे. तो एकुलता एक जंप रनटाइमकडे जातो आणि खरा कोड आयएल बाइटकोडमध्ये, म्हणजे त्या रनटाइमच्या मधल्या भाषेत असतो. खात्री करायची तर पीईच्या डेटा डिरेक्टरीतली १४ क्रमांकाची नोंद (मोजणी शून्यापासून) रिकामी नाही ना ते बघा. अशी फाइल घिड्रात उघडून डोकेफोड करू नका. आयएलस्पाय या डिकंपायलरमध्ये (कोडवरून सोर्ससारखा मजकूर परत काढणारं टूल) टाका, जवळजवळ वाचता येईल असा सी शार्प मिळेल. नव्या डॉटनेटमध्ये मात्र उलटा घोळ असतो: ईएक्सई खरोखरच नेटिव्ह असते, पण ती नुसती लाँचर. कोड शेजारच्या त्याच नावाच्या डीएलएलमध्ये. लोक ईएक्सईत दोन दिवस घालवतात आणि डीएलएलकडे बघतसुद्धा नाहीत.

दुसरीचं उत्तर सोपं. ती पीआयई आहे, म्हणजे कुठेही लोड होऊ शकणारी. फाइलमध्ये तिचा बेस, म्हणजे लोड होण्याचा सुरुवातीचा पत्ता, शून्य असतो आणि ऑब्जडंप तोच दाखवतो. घिड्रा अशा ६४ बिट फाइलला हेक्स १००००० हा बेस देतो, म्हणून ११४९ चं १०११४९ झालं. चालू प्रोसेसमध्ये पत्ता तिसराच असेल. तुलना सोपी व्हावी म्हणून इम्पोर्ट करतानाच ऑप्शन्समध्ये इमेज बेस ० ठेवा. फाइल आधीच उघडली असेल तर मेमरी मॅपच्या खिडकीत घराचं चिन्ह आहे, तिथून बदलता येतो.

तिसरी एसटीएम३२ची आहे, तेव्हा ०८०००००० वर लोड करा आणि थंब मोडमध्ये (एआरएमच्या आखूड इन्स्ट्रक्शन) बघा. काम झालं.

---

फर्मवेअरवाला

शेवटच्या ओळीवर आक्षेप आहे. ०८०००००० टाकलं की काम झालं असं वाटतं, कारण कोड उलगडतो, फंक्शनं दिसतात. फक्त एकही स्ट्रिंग कुणाला जोडलेली दिसत नाही आणि कॉन्स्टंट टेबलांचे पत्ते भलतीकडे जातात. थंबमधले बहुतेक ब्रँच आणि कॉल सापेक्ष असतात, त्यामुळे बेस चुकला तरी ते बरोबर दिसतात. चूक उघडी पडते ती पूर्ण पत्त्यांमध्ये.

तुमचे आठ बाइट लिटल एन्डियनने, म्हणजे चार-चारचे गट उलट्या क्रमाने, वाचा. पहिला शब्द २०००१ए५८, हा सुरुवातीचा स्टॅक पॉइंटर. दुसरा ०८००४१४५, हा रीसेट हँडलर, म्हणजे चिप सुरू होताच चालणारा कोड. शेवटचा बिट १ आहे तो फक्त थंबची खूण, खरा कोड ०८००४१४४ वर.

आता ४८ केबी म्हणजे हेक्स सी०००. बेस ०८०००००० धरला तरी ०८००४१४४ हा पत्ता फाइलच्या आतच पडतो, म्हणून कुठलंही टूल तक्रार करणार नाही. दोन शक्यता उरतात:

बेस ०८०००००० असेल तर रीसेट कोड फाइलच्या ४१४४ या ऑफसेटवर.
बेस ०८००४००० असेल तर तोच कोड ऑफसेट १४४ वर, म्हणजे व्हेक्टर टेबल (सुरुवातीची हँडलरांच्या पत्त्यांची यादी) संपल्या संपल्या.

दोन्ही ठिकाणचे आठ बाइट हेक्समध्ये बघा. एआरएमच्या स्वतःच्या टूलचेनने बांधलेल्या फर्मवेअरमध्ये रीसेट हँडलर बहुतेक वेळा असा असतो: ०६ ४८ ८० ४७ ०६ ४८ ०० ४७. म्हणजे आर० मध्ये पत्ता उचल, तिथे कॉल कर, पुन्हा पत्ता उचल, तिथे उडी मार. हे १४४ वर सापडलं तर बेस ०८००४००० आणि खालचे १६ केबी बूटलोडरचे, म्हणजे आधी चालून मुख्य प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या कोडचे. तुमची फाइल मग पूर्ण फ्लॅश नाही, फक्त अ‍ॅप्लिकेशनचा भाग आहे. माझा अंदाज हाच आहे, कारण स्टॅक पॉइंटर गोल आकडा नाही. त्या टूलचेनचा लिंकर स्टॅक डेटाच्या मागे लावतो, रॅमच्या टोकाला नाही. म्हणून २०००१ए५८ वरून रॅम किती ते काढू नका, ते डेटाशीटमध्ये बघा.

दुसरी कसोटी स्ट्रिंगची, आणि ती चिप अनोळखी असली तरी चालते. चार-पाच स्ट्रिंगांचे फाइलमधले ऑफसेट लिहून घ्या. मग चारने भाग जाणाऱ्या ऑफसेटवरचे ३२ बिट शब्द चाळा. समजा एक स्ट्रिंग ३ए१० वर आहे आणि कुठेतरी ०८००७ए१० हा शब्द आहे. वजाबाकी ०८००४०००. हीच वजाबाकी बाकीच्या स्ट्रिंगांनाही जमली तर बेस सापडला. एकाच स्ट्रिंगवर निर्णय घेऊ नका, योगायोगाने जुळणारे शब्द भरपूर असतात.

घिड्रातल्या पायऱ्या:

१. इम्पोर्ट करताना फॉरमॅट ‘रॉ बायनरी’. लँग्वेजमध्ये एआरएम, ३२ बिट, लिटल एन्डियन, आणि व्हेरिएंट ‘कॉर्टेक्स’च. साधा व्ही७ घेतला तर तो एआरएम मोडमध्ये सुरू होतो, आणि मग प्रत्येक ठिकाणी एफ१२ दाबून थंबमध्ये उलगडत बसावं लागतं. कॉर्टेक्स-एममध्ये एआरएम मोड नसतोच.
२. ऑप्शन्समध्ये बेस अ‍ॅड्रेस.
३. ‘आता अ‍ॅनालाइज करू का’ याला नाही म्हणा. आधी मेमरी मॅप लावा.
४. फ्लॅशच्या ब्लॉकवरची ‘राइट’ची खूण काढा. रॉ बायनरीला ती आपोआप मिळते आणि मग डिकंपायलर फ्लॅशमधले आकडे बदलू शकतात असं धरून चालतो. ती काढली की पॉइंटरांच्या जागी थेट नावं दिसू लागतात.
५. २००००००० पासून रॅमचा रिकामा ब्लॉक जोडा, वाचन-लेखन दोन्ही. ४००००००० पासून पेरिफेरलचा (चिपमधल्या उपकरणांची रजिस्टरं), आणि त्यावर ‘व्होलाटाइल’ची खूण हवीच.
६. व्हेक्टर टेबलातल्या शब्दांवर पी दाबून पॉइंटर करा, मग अ‍ॅनालिसिस चालवा.

पडताळणीला एआरएमचा ऑब्जडंप वापरा. मोठा डी, फॉरमॅट बायनरी, मशीन एआरएम, ‘फोर्स-थंब’ आणि ‘अ‍ॅडजस्ट-व्हीएमए’मध्ये बेस. फॉरमॅट ओळखता येत नाही ही तक्रार बंद होईल, कारण तुम्हीच तो सांगितलात. पीसीवरच्या साध्या ऑब्जडंपला बहुधा एआरएम येत नाही. त्यासाठी मल्टिआर्च बिनयुटिल्स किंवा एआरएमची टूलचेन लागेल.

हीच फर्मवेअर इंटेल हेक्स स्वरूपात मिळत असेल (ओळी विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होतात) तर तीच घ्या. पत्ते तिच्यातच असतात, बेस शोधायचा प्रश्नच मिटतो. तिची ऑब्जकॉपीने बिन करू नका. तिच्यात ऑप्शन बाइट (चिपच्या सेटिंग्ज) असतील तर ते १एफएफएफएफ८०० वर असतात, फ्लॅश ०८०००००० वर. मधली पोकळी भरून सुमारे ४०० एमबीची फाइल तयार होते.

---

नॉप_नॉप

चौथ्या तुकड्याबद्दल. हा भांडणाचा विषय दिसतो तेवढा गूढ नाही.

ऑब्जडंप सरळ रेषेत चालतो: एक इन्स्ट्रक्शन संपली की लगेच पुढच्या बाइटपासून दुसरी. ईबी ०१ म्हणजे पुढचा एक बाइट सोडून उडी. तो ही उडी छापतो, पण स्वतः मारत नाही. पुढे त्याला ई८ दिसतो, म्हणजे कॉल, आणि तो चार बाइट गिळतो: ३१ सी० ४० सी३. तुकडा पत्ता ० वर धरला तर तुम्हाला सी३४०सी०३८ वर जाणारा एक वेडगळ कॉल दिसतो.

घिड्रा, आयडीए वगैरे उडीच्या मागे जातात. ती पत्ता ३ वर पोचते आणि तिथे ३१ सी० म्हणजे ईएएक्स शून्य, ४० म्हणजे ईएएक्समध्ये एक मिळव, सी३ म्हणजे परत. प्रोसेसरही हेच करतो. मधला ई८ मुद्दाम पेरलेला खडा आहे.

लगेच ऑब्जडंप टाकून देऊ नका. मागोमाग जाणाऱ्या टूलची दुखरी नस वेगळी आहे: रजिस्टरमधून होणाऱ्या उड्या. स्विचचं टेबल ओळखता आलं नाही की घिड्राच्या डिकंपायलरमध्ये जंपटेबल सापडलं नाही अशी सूचना येते, आणि त्यातून जाणारे सगळे केस डेटा म्हणून पडून राहतात. फक्त फंक्शन पॉइंटरमधून बोलावलेली फंक्शनंही अशीच निसटतात. तेव्हा सरळ रेषेतला डंप बाजूला उघडा ठेवला की कुठला कोड उलगडायचा राहिला ते दिसतं. घिड्रात त्या जागी जाऊन डी दाबा, नको असेल तर सी दाबून पुन्हा बाइट करा.

एआरएममध्ये याचीच दुसरी आवृत्ती असते. फंक्शनच्या शेवटी आकड्यांची पुंजी ठेवलेली असते. ईएलएफ स्ट्रिप केलेली नसेल तर $ए, $टी, $डी ही चिन्हं ऑब्जडंपला सांगतात कुठे एआरएम, कुठे थंब आणि कुठे डेटा. स्ट्रिप केल्यावर ती जातात आणि ऑब्जडंप पत्त्यांचंही इमानेइतबारे असेंब्लीत भाषांतर करतो. अशा ओळी दिसल्या की हसून पुढे जा.

ऑब्जडंपच्या लहान डी आणि मोठा डी या ऑप्शनांतला फरकही लक्षात असू द्या. लहान डी फक्त कोडचे सेक्शन उलगडतो, मोठा डी सगळे, अगदी स्ट्रिंगांचे सुद्धा. दुसऱ्या फाइलसाठी लहानच वापरा.

आणि अनोळखी ईएलएफवर एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत ते फाइल प्रत्यक्ष चालवतं. लायब्रऱ्यांची यादी रीडईएलएफच्या डायनॅमिक सेक्शनमध्येही मिळते.

---

झेडऐंशी

मूळ प्रश्न टूलचा होता म्हणून तेवढंच.

तुमच्या चार फाइलींसाठी घिड्रा, ऑब्जडंप, आयएलस्पाय. विकत काही घ्यायची आत्ता गरज दिसत नाही. घिड्रा २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनएसएने खुला केला. प्रोसेसरची वर्णनं स्ले नावाच्या भाषेत लिहिलेली असल्यामुळे ८०५१, झेड८०, ६५०२, एव्हीआर, एमएसपी४३०, पॉवरपीसी, मिप्स हे सगळे त्यात आहेत आणि डिकंपायलर सर्वांना तोच लागू पडतो. विचित्र प्रोसेसर वारंवार येत असतील तर हा मुद्दा निर्णायक आहे. तोटे म्हणजे जावावर चालतो, मेमरी खातो, आणि मोठ्या फाइलीवर तासन्‌तास अडकल्यासारखा वाटतो. तेव्हा लाँच स्क्रिप्टमध्ये मॅक्समेम वाढवा.

आयडीएची फुकट आवृत्ती फक्त एक्स८६ आणि एक्स६४ उलगडते आणि तिचा डिकंपायलर क्लाउडवर चालतो. गोपनीय फाइल असेल तर तिथेच विषय संपला. तुमची तिसरी फाइल तर तिच्यात उघडणारच नाही. पैसे देऊन घेतलेल्या आयडीएचं खरं बळ फ्लर्ट सह्यांमध्ये आहे. स्टॅटिक जोडलेल्या बायनरीत हजारो लायब्ररी फंक्शनांना आपोआप नावं पडतात आणि वाचायला तुमचाच कोड उरतो. घिड्रात फंक्शन आयडी आहे, पण सोबत येणारे संच मुख्यतः व्हिज्युअल स्टुडिओच्या लायब्रऱ्यांचे. बाकी लायब्रऱ्यांचे संच तुम्हीच भरायचे.

बायनरी निंजा हा आणखी एक डिसअसेंब्लर मी स्क्रिप्टिंगसाठी सुचवेन. त्याच्या मधल्या भाषेच्या तीन पातळ्या आहेत, खालची, मधली, वरची, आणि पायथनमधून तिन्हींवर प्रश्न विचारता येतात. एकसारखे पाचशे नमुने चाळायचे असतील तर हे उपयोगी. घिड्रातही हे काम बिनचेहऱ्याच्या हेडलेस मोडमध्ये होतं, फक्त लिहायला जरा जास्त लागतं.

रडारे टर्मिनलवर राहणाऱ्यांसाठी. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने पटकन बघायचं असेल तर त्याच्याइतकं चपळ काही नाही. आज्ञा मात्र दोन-तीन अक्षरी आणि शेकड्यांनी. २०२० मध्ये त्यातून रायझिन वेगळं झालं. खिडक्या हव्या असतील तर त्यावरचं कटर घ्या, त्यात घिड्राचाच डिकंपायलर बसवता येतो.

१६ बिटचं काही आलं, बूट सेक्टर किंवा डॉसची कॉम फाइल, तर एनडिसअ‍ॅझम पुरतो. बिट १६, आणि ओरिजिन बूट सेक्टरला हेक्स ७सी००, कॉमला १००. हेही सरळ रेषेत चालणारंच, तेव्हा वरचा खड्याचा धडा इथेही लागू.

---

कोरडंप

पहिली फाइल आयएलस्पायमध्ये उघडली, डॉटनेटच होती. दुसरीचे पत्ते जुळले.

तिसरीत ऑफसेट १४४ वर हुबेहूब ०६ ४८ ८० ४७ ०६ ४८ ०० ४७ आहे. ०८००४००० वर लोड केल्यावर स्ट्रिंगांना संदर्भ दिसू लागले. मात्र एक फंक्शन पटत नाही. असेंब्लीत ४००२२००४ वर लागोपाठ दोन वेळा लिहिलं जातं, आधी ४५६७०१२३, मग सीडीईएफ८९एबी. डिकंपायलर फक्त दुसरंच दाखवतो. पेरिफेरलचा ब्लॉक जोडलाय. घिड्राची चूक का?

---

फर्मवेअरवाला

नाही, पाचव्या पायरीतली व्होलाटाइलची खूण राहिली आहे. एकाच पत्त्यावर दोनदा लिहिलं आणि मध्ये कुणी वाचलं नाही, तर साध्या मेमरीत पहिलं लेखन निरुपयोगी. म्हणून डिकंपायलर ते गाळतो. त्या ब्लॉकवर खूण करा आणि फंक्शन पुन्हा उघडा, दोन्ही ओळी येतील.

ते दोन आकडे म्हणजे फ्लॅश उघडायच्या चाव्या आहेत आणि ४००२२००४ हे त्यांचं रजिस्टर. ठरलेल्या क्रमाने दोन्ही लिहिल्याशिवाय फ्लॅशवर लिहिता येत नाही. म्हणजे हे अ‍ॅप्लिकेशन स्वतःच फ्लॅशमध्ये काहीतरी लिहितं: सेटिंग्ज, नाहीतर अपडेट. त्या फंक्शनला कोण बोलावतं ते बघा, आणि लिहिण्याचा पत्ता ०८००४००० च्या खाली जातो का तेही. खाली जात असेल तर ते बूटलोडरवरच हात टाकतंय, आणि तो भाग तुमच्या फाइलमध्ये नाही. त्यासाठी चिपमधून पहिले १६ केबी वेगळे वाचावे लागतील. रीड प्रोटेक्शन लावलेलं असेल तर डीबगरने ते मिळणार नाहीत, आणि प्रोटेक्शन काढायला गेलात तर अख्खी फ्लॅश पुसली जाते. हाताशी एकच चिप असेल तर त्या बटणाला हात लावू नका.